सगुणाचा दगड

“सर, इथं एक शब्द चुकलाय,” मी म्हणाले. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाची इंग्रजीतली चूक काढायला मिळाली, याचा आनंद मला काही लपवता आला नाही.

आढाव सरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. वर त्यांच्या बायकोचं नाव होतं, सगुणा. त्याखाली जन्माची आणि मरणाची तारीख. आणि त्याखाली, जिथं मी बोट ठेवलं होतं तिथं, ‘लव्हिंग वाइफ ऑफ प्रभाकर आढाव’.

“काय चुकलंय?”

“बिलव्हेड पाहिजे. सगळे तेच लिहितात. आमच्या शेडमधून गेलेल्या प्रत्येक दगडावर तेच आहे. बिलव्हेड वाइफ, बिलव्हेड मदर, बिलव्हेड सन.”

“सगळे लिहितात म्हणून मीही लिहू?” सर शांतपणे म्हणाले. “रिबकाबाई, हे दोन शब्द एकाच घरातले आहेत, पण एकमेकांकडे पाठ करून बसलेत. बिलव्हेड म्हणजे जिच्यावर प्रेम केलं गेलं ती. लव्हिंग म्हणजे जिनं प्रेम केलं ती.”

“मग?”

“सगुणानं माझ्यावर फार प्रेम केलं. तेवढं लिहायला पाहिजे.”

“आणि तुम्ही?”

शेडच्या दुसऱ्या टोकाला अप्पांची छिन्नी चालू होती, ती थांबली. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला.

“वडिलांनी ठरवलं, मी उभा राहिलो. चांगली होती बिचारी. सहा वर्षं नांदली. पण जे नव्हतं ते नव्हतं. दगडावर खोटं नाही लिहवत मला.”

आमच्या धंद्यात असं बोलणारा माणूस म्हणजे नवलच होतं. बायकोला उभ्या जन्मात धड नावानं हाक न मारलेले नवरे तिच्या मागे बिलव्हेड लिहून घ्यायचे, आणि मी ते वळणदार अक्षरात आखून द्यायचे. माझं काम तेच होतं. सरांच्या त्या एका वाक्यानं मी पार विरघळले. एकोणतीस वर्षांची होते, डाव्या पायानं लंगडत होते, दोनदा जमलेलं लग्न मोडलं होतं, आणि तरीही स्वतःला फार शहाणी समजत होते.

नगरला कबरस्तानाच्या भिंतीला लागून आमची पत्र्याची शेड होती. अप्पा, म्हणजे माझे वडील दावीद लोंढे, पूर्वी जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावायचे. घरोघर मिक्सर आले तसे ते कबरीच्या दगडांकडे वळले. मराठी ते अक्षर अक्षर लावून वाचायचे. इंग्रजीचा मात्र गंध नव्हता. इंग्रजी शब्द ते चित्र कोरावं तसे कोरायचे. मी बोर्डिंगमध्ये राहून मॅट्रिक झालेली, म्हणून आखणी माझ्याकडे. दगडावर चुन्याचा पातळ हात फिरवायचा, तो वाळला की पेन्सिलीनं अक्षरं काढायची, घरच्या माणसाला बोलावून दाखवायची, मजकुराच्या कागदावर त्याची सही घ्यायची. मगच अप्पा छिन्नी लावायचे. शेवटी कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचा, तो पुन्हा मीच. या पद्धतीमुळे आमच्याकडून कधी चूक झाली नाही असं अप्पा सगळ्यांना सांगायचे आणि ते खरं होतं.

सर हा कागद घेऊन आले त्याच्या आठ दिवस आधी एकदा येऊन गेले होते. त्यांना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पाठवलं होतं. दगड करायचा होता हे खरं, सगुणाला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण पाळकसाहेबांच्या मनात दुसरंही काही होतं, आणि ते त्यांनी दोन्हीकडे पोचवून ठेवलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा अप्पा हातातला एक कागद सरांना परत देत होते. सरांनी तो घडी घालून खिशात ठेवला. मी कप ठेवले आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

“तुम्ही दगडासाठी आलात, पण तेवढ्यासाठीच नाही, हे मला माहीत आहे. माझा पाय असा, वय असं, बिजवर मिळाला तरी उपकार मानावेत असं सगळ्यांचं मत आहे. माझं नाही.”

“रिबके!” अप्पा म्हणाले.

“बोलू द्या त्यांना,” सर म्हणाले.

मग मी त्यांना माझ्या आत्याचं सांगितलं. आत्या संगमनेरला बिजवराला दिलेली. नवऱ्यानं तिला कधी मारलं नाही, टाकून बोलला नाही. फक्त दर रविवारी उपासनेला निघताना तो पहिल्या बायकोच्या फोटोसमोर उभा राहायचा आणि आत्या चपला घालून दारात थांबायची. त्या फोटोची काच पुसायचं काम तिचंच होतं. लहानपणी मी ते बघितलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं, की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

“ज्याचा जीव आधीच कुणावर जडून गेलाय,” मी म्हणाले, “त्याच्या घरात उरलेल्या जागेत मी राहणार नाही. त्यापेक्षा ही शेड बरी.”

सर रागावले नाहीत. चहा संपवला, मजकूर आठवड्यानं आणून देतो म्हणाले आणि गेले. आणि आठवड्यानं ‘लव्हिंग’ घेऊन आले.

पुढं ते दर शनिवारी शाळा सुटली की यायचे. कधी माझ्यासाठी चांगल्या पेन्सिली आणायचे, कधी नुसते बसायचे. सगुणाचा विषय निघाला तर दोन वाक्यांत संपवायचे. मला ते बरं वाटायचं. आता लाज वाटते, पण मेलेल्या बाईबद्दल तिचा नवरा थंडपणे बोलतो याचं मला तेव्हा सुख होतं.

मार्चमध्ये एक दिवस मी दगडावर तो शब्द आखत बसले होते. सर मागे उभे होते.

“या एका शब्दाला तुम्ही फार वेळ लावताय.”

“खरा शब्द आहे. नीट निघायला नको?”

त्यांनी मजकुराचा कागद उचलला. मग म्हणाले, “रिबका, आता तरी हो म्हणाल?”

मी मागे न बघताच हो म्हणाले. त्यांनी कागदावर सही केली. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळी मंडळी कबरस्तानात उपासनेला जमतात, त्याआधी दगड बसवायचा आणि ईस्टरनंतरच्या रविवारी साखरपुडा, असं ठरलं. अप्पांना सांगितलं तर ते नुसते हं म्हणाले.

“तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला की. मानूस वाईट न्हाई.” मग त्यांनी विचारलं, “कागदावर सही केली का त्यानं?”

“केली.”

“बरं,” अप्पा म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी साडी घ्यायला संगमनेरला आत्याकडं गेले. आत्याला आता नीट दिसत नव्हतं, पण फोटोची काच अजून लख्ख होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. कुणासाठी पुसत होती कोण जाणे.

“पहिलीवर जीव होता का गं त्याचा?” तिनं सरांबद्दल विचारलं.

“नव्हता. तसं दगडावर लिहून देतोय.”

आत्याचा हात काचेवर थांबला. “दगडावर?” ती म्हणाली. “जीव नव्हता हे कुनी दगडावर लिहून देतं व्हय?”

“खरं बोलणारा माणूस आहे आत्या.”

“असंल बाई,” ती म्हणाली आणि पुसायला लागली. तिला काय कळतंय, असं मला वाटलं.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तिथंच झाला. शनिवारी सकाळच्या एसटीनं मी परतले आणि साडीची पिशवी घेऊन थेट शेडवर आले. रंग भरायचा राहिला होता. दगड गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. मी गोणपाट काढलं.

सहा इंग्रजी अक्षरं आखून गेले होते मी. दगडावर सात होती. ‘बिलव्हेड’.

“अप्पा! हे काय केलंत?”

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. “काय झालं?”

“मी आखलेला शब्द कुठाय? हा कुठून आला?”

त्यांनी मान वाकडी करून दगडाकडं पाहिलं. “वीस वर्सं त्योच शब्द कोरतोय बाई. सवयीनं हात गेला आसंल.”

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. वडिलांना बोलू नये असं बरंच बोलले. उद्या पहाटे सगळ्या मंडळीसमोर तो दगड उभा राहणार होता. ज्या शब्दाच्या भरवशावर मी एका माणसाला हो म्हटलं होतं, तोच शब्द माझ्या बापानं छिन्नीनं उडवला होता. मी गोणपाट परत ओढून घेतलं.

अकराच्या सुमारास सर आले. कबरीच्या कडेला लावायला चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आले होते. मी दगडाच्या पुढं जाऊन उभी राहिले.

“सर, घोटाळा झालाय. अप्पांचा हात चुकला. पंधरा दिवसांत नवीन दगड करून देतो. उद्यापुरतं नुसतं चुन्यावर भागवा.”

“बघू तरी काय झालंय.”

त्यांनी मला हलकेच बाजूला केलं आणि गोणपाट उचललं. बघत राहिले. बादली खाली ठेवली. मग दगडासमोर मातीतच बसले, पँटची पर्वा न करता. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते खाचेतून फिरवत शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. सातही अक्षरं. मग पूर्ण तळवा त्या शब्दावर ठेवला.

“सगू,” ते म्हणाले.

सगुणाचं असंही एक नाव होतं, हे मला तेव्हा कळलं. तो माणूस रडत होता. आवाज न करता, खांदे हलत नव्हते, नुसतं पाणी वाहत होतं. असं रडायची ज्याला रोजची सवय असते तोच असा रडतो.

“बदलून देऊ ना?” मी विचारलं.

“नको. राहू द्या.”

“पण खोटं आहे ना ते?”

त्यांचा तळवा त्या शब्दावरच होता.

“सर, दगडावर खोटं लिहवत नाही म्हणाला होतात.”

“तुम्ही त्या दिवशी आत्याचं सांगितलंत,” ते मान खाली घालूनच म्हणाले. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. मला घर खायला उठत होतं, रिबका. आणि तुम्ही मला आवडलात, ते काही खोटं नाही.”

“म्हणून मेलेल्या बायकोच्या दगडावरचा तिचा शब्द काढून घेतलात?”

“सगूला कळलं असतं. तिनं समजून घेतलं असतं.”

“म्हणजे तिला कळलेलं चाललं असतं,” मी म्हणाले. “फक्त मला कळायला नको होतं.”

त्यांनी वर पाहिलं.

त्या दोघांचं आतलं एक गुपित होतं आणि मी दाराबाहेर चपला घालून उभी होते. आत्याला निदान फोटो दिसत तरी होता. मला सांगितलं होतं की घरात फोटोच नाही. आणि ते मला पटावं म्हणून या माणसानं, इंग्रजीच्या मास्तरानं, चष्मा पुसत पुसत मला दोन शब्दांतला फरक शिकवला होता. तो फरक खराच होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मी रंगाचा डबा उघडला, बारीक कुंचला घेतला आणि दगडासमोर बसले. काम अर्धं टाकायची मला सवय नाही. सगुणाचं नाव भरलं. तारखा भरल्या. मग तो शब्द भरला, एकेक अक्षर, कडेला न सांडता. सर शेजारी उभे होते. पूर्ण झाल्यावर मी कुंचला पुसला.

“पाळकसाहेबांना साखरपुड्याचं मी सांगते,” मी म्हणाले. “तुम्ही दगड घेऊन जा.”

अप्पांनी आणि त्यांनी मिळून दगड हातगाडीवर चढवला. गाडी कबरस्तानाच्या फाटकातून आत गेली. मी साडीची पिशवी खुंटीला अडकवली आणि शेड झाडायला घेतली.

दुपारी अप्पा परत आले. हात धुतले. मी त्यांच्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाले, “तुमचा हात गेला नव्हता.”

अप्पांनी भाकरी मोडली नाही.

“सवयीनं हात गेला असता तर सहा अक्षरांच्या जागेत सातवं दाटीनं बसलं असतं. ते तसं बसलेलं नाही. सगळी सारख्या अंतरावर आहेत. तुम्ही माझी आखणी पुसून पुन्हा आखलीत.”

“व्हय,” अप्पा म्हणाले.

“का?”

“पैल्या दिवशी तू च्या करायला गेली व्हती, तवा त्यानं मला एक कागद दावला व्हता. जुना, घडीवर फाटाया आलेला. दोन वर्सं खिशात ठिवला आसंल. मी अक्षरं मोजली त्यातली, दगड केवढा लागंल म्हनून. त्यात ह्यो शब्द व्हता. आठ दिसांनी नवा कागद आला, कोरा करकरीत, आन त्यात दुसराच शब्द. मला इंग्रजी वाचता येत न्हाई रिबके, पर माझ्या हाताखालनं शंभरदा गेलेला शब्द हलला, तर मला दिसनार न्हाई व्हय?”

“मग तोंडानं सांगायचं होतं मला!”

“सांगितलं असतं तर तू त्याला इचारलं असतं. त्यानं चष्मा पुसून कायबी सांगितलं असतं, आन तुला ते खरं वाटलं असतं. तुझा दगडावरच्या शब्दावर लई भरवसा. म्हनून दगडावर लिवलं. म्हनलं, त्यानं बघून नवा दगड मागितला तर माझं चुकलं. मी पाया पडीन त्याच्या.”

“माझं लग्न मोडलंत तुम्ही अप्पा.”

“व्हय,” ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. दोघांनी मिळून मला फसवलं असंच मला वाटत होतं. एकानं खोटं सांगून आणि दुसऱ्यानं खरं सांगून. त्यातला जास्त राग कुणाचा होता, ते विचाराल तर मला अजून नीट सांगता येणार नाही.

सरांनी पुढच्या वर्षी लग्न केलं, श्रीरामपूरकडची कुणी होती. मी केलं नाही. अप्पा गेले, आणि जायच्या आधी त्यांनी माझ्या हातात छिन्नी दिली. आखणीपासून रंगापर्यंत सगळं मीच करू लागले. आता लोक संगणकावर अक्षरं काढून मशीननं कोरून घेतात, तरी जुनी मंडळी माझ्याकडं येतात.

त्या ईस्टरला सत्तावीस वर्षं झाली असतील, तेव्हा एक बाई शेडवर आल्या. साठीच्या आतबाहेर, हातात कापडी पिशवी.

“आढाव सरांचा दगड करायचाय,” त्या म्हणाल्या. “मी त्यांची मंडळी. लीलावती.”

सर गेल्याचं मला कळलं होतं. दफनाला मी भिंतीच्या अलीकडंच थांबले होते. या बाईंना मी कोण हे माहीत नव्हतं, असलं तरी त्यांनी दाखवलं नाही. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मजकूर विचारला.

“नाव, तारखा, आणि खाली ते असतं ना, बिलव्हेड हजबंड. तेच.”

“की लव्हिंग?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्यात काय फरक?”

मी सांगितला. ज्या शब्दांत मला सांगितला गेला होता, अगदी त्याच शब्दांत सांगितला. एकाच घरातले, एकमेकांकडं पाठ करून बसलेले. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

“मग बिलव्हेडच घाला,” त्या म्हणाल्या. “मी केलं की प्रेम. पुष्कळ केलं.”

“आणि त्यांनी?”

बाई हसल्या. त्या हसण्यात कुठंही आंबटपणा नव्हता. “त्यांचा जीव सगुणाबाईंवर. दर बुधवारी यायचे ना इथं त्यांच्या कबरीवर. फुलं मीच तोडून द्यायची.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. मला बघायला आले तेव्हाच सांगितलं, माझ्या आईवडिलांसमोर. म्हणाले, मी आधी हे सांगतो, मग तुम्ही काय ते ठरवा. एकदा लपवून बघितलं, पुन्हा ते पाप करायचं नाही, म्हणाले.”

“आणि तरी तुम्ही हो म्हणालात?”

“तरी काय? म्हणूनच म्हणाले,” बाई म्हणाल्या. “इतकं खरं बोलणारा माणूस कुठं मिळतो हो?”

मी मान हलवली. मजकुराच्या कागदावर त्यांची सही घेतली. त्या फाटकातून आत कबरीकडं गेल्या. पिशवीत फुलं असावीत.

सत्तावीस वर्षं मी समजत होते, की त्या माणसाकडं खरं नव्हतंच. होतं. मला खोटं देऊन झाल्यावर त्यानं ते दुसरीला दिलं, आणि तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. मला दिलं असतं तर मी घेतलं नसतं, हे त्याला त्या पहिल्या दिवशी मीच उभ्या उभ्या सांगितलं होतं.

मी दगडाला चुना लावला. वाळल्यावर पेन्सिल घेऊन बसले आणि सात अक्षरं आखली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा अंदाज चुकला. पहिलं अक्षर मोठं निघालं आणि शेवटचं कडेला दाटीनं बसलं. पुसून पुन्हा आखता आलं असतं, अप्पांनी आखलं होतं तसं. पण माझा हात खरंच गेला होता, आणि ते मला लपवायचं नव्हतं. मी तशीच छिन्नी लावली.